मोडीत दिलेला बंब

आमचा बंब दुरुस्त होण्यासारखा होता. भंडाऱ्याच्या कासाराने तो माझ्यासमोर उलटा केला, आत हात घालून सांधा चाचपला आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे असं स्पष्ट सांगितलं. मी घरी येऊन सांगितलं की तो दुरुस्त होत नाही, तांबं कुजलं आहे, झाळलेला डाग धरत नाही. त्या एका वाक्यावर आमच्या घरी गिझर आला. पुढे मी नोकरी केली, लग्न केलं, मुलं वाढवली, चार लोकांत सरळ माणूस म्हणून नाव मिळवलं, आणि या सगळ्या काळात ते वाक्य माझ्या पोटात तसंच पडून राहिलं. लोक मोठमोठ्या पापांची कबुली देतात. माझं पाप पाणी तापवण्याच्या भांड्याचं आहे, आणि ते लहान आहे म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला सूट देत आलो. आता त्या सवलतीचीही किळस येते. लहान होतं म्हणजे ते टाळणं सोपं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आमचं घर करडीला, तलावाकडे जाणाऱ्या वाटेवरचं शेवटचं. कुंपण नव्हतं, फाटक नव्हतं. अंगण कुठे संपतं आणि वाट कुठे सुरू होते हे माय सडा टाकायची तेवढ्यावरूनच कळायचं. अंगणात पेरूच्या झाडाखाली विटांच्या चौथऱ्यावर बंब उभा असे. कमरेइतका उंच, पोट सुटलेला, पितळी तोटीचा. बाबांनी अनेक वर्षं तुमसरच्या एका उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये बॉयलर सांभाळला होता. छाती कोंड्याच्या धुळीने भरली तेव्हा ते घरी येऊन शेती पाहू लागले. मिलमधून येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, खोकला आणि धानाचा कोंडा जाळायची अक्कल. लाकूड कोणीही जाळतो. कोंडा दाबून भरला तर नुसता धुमसतो, मोकळा टाकला तर भस्सकन उडून जातो. बाबांनी बंबाच्या मधल्या नळीत बसेल अशी टिनाची भोकाभोकांची नळी बनवली होती. तिच्याभोवती ते कोंडा थराथराने भरायचे, आणि कपाशीच्या मूठभर पऱ्हाट्यांवर पेटवलेला तो बंब सकाळभर एकसारखा जळायचा.

हिवाळ्यात मला जाग यायची ती त्या बंबाच्या आवाजाने. आधी लोखंडी सळईने राख झाडल्याचा आवाज, मग बाबांचा खोकला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग पाणी तापत आलं की आतून निघणारी बारीक सूं अशी शिटी. ती ऐकून पाणी किती तापलं हे बाबा बरोबर सांगत. ‘उठा, झालं,’ एवढंच ते म्हणायचे. चुलीवर माय लाखोरीच्या डाळीला फोडणी देत असायची, आणि कोंड्याचा धूर नि लसणाचा वास एकत्र घरात यायचा. आज हे लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटतं. तेव्हा मला या सगळ्याची लाज वाटायची, तेही लिहून ठेवतो. नाहीतर माणूस म्हातारपणाच्या अलीकडे आला की बालपणातला धूरसुद्धा गोड करून सांगतो. मला त्या गोडव्यावर विश्वास नाही.

बंब सकाळभर जळायचा तो आमच्या घरच्या आंघोळीसाठी नव्हे. तलावावर ढिवरांची घरं होती. पुरुष जाळी टाकायचे, आणि हिवाळ्यात बायका शिंगाडे काढायला पाण्यात उतरायच्या. उजाडता उजाडता त्या छातीपर्यंत पाण्यात जायच्या आणि टोपल्या भरून बाहेर यायच्या, तोवर त्यांच्या हातांत काही पकडायची ताकद उरलेली नसे. शिंगाड्याला काटे असतात. गारठलेल्या बोटाला काटा टोचलेला कळत नाही. ऊब आली की कळतो. बाजाराला जाण्याआधी त्या चार-पाच जणी आमच्या अंगणात थांबायच्या. बाबा तोटी सोडून घमेल्यात कढत पाणी द्यायचे, त्यात मीठ टाकायचे, आणि त्या गोल बसून हात बुडवायच्या. मग एकमेकींच्या बोटांतले काटे सुईने काढायच्या.

त्यांत पुढारी होती फुलामावशी. उंच, काळीसावळी, आवाज तलावाच्या दुसऱ्या काठावर पोचेल असा.

‘यादोभाऊ, आज पाणी कोमट हाये जी,’ ती बाबांना म्हणायची.

‘तुहे हात सुन्न हायेत. पाणी कढत हाये. मायंदाळ कोंडा जाळला मी.’

‘तं हात तपासून पाहा न. तुमचा बंब म्हंजे आमचा दवाखाना होय.’

‘मंग फी ठेव दवाखान्याची.’

फी म्हणजे पळसाच्या पानात बांधलेले मूठभर झिंगे, किंवा ओंजळभर शिंगाडे. माय झिंगे वांग्यात घालायची. शिंगाडे बाबा बंबाच्या निखाऱ्यात लोटायचे आणि सालं काळी झाली की आम्हाला सोलून द्यायचे. मी ते झिंगे दोन वेळा मागून घ्यायचो. त्या बायकांच्या अंगाला येणारा चिखलाचा आणि मासळीचा वास मात्र मला सहन व्हायचा नाही. त्यांच्या हातचं पोटात चालायचं, त्यांचे हात अंगणात चालत नव्हते. असा मी होतो.

आयटीआय मी भंडाऱ्याला केला, वायरिंगचा. मग लाखनीला हमरस्त्यावरच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात लागलो. तिथेच खोली घेतली, आठवड्यात एक दिवस घरी यायचो. दुकानासमोरून दिवसभर ट्रक जायचे, मालावर धूळ बसायची, आणि ती पुसणं हे माझं मुख्य काम होतं. पण मला वाटायचं मी जगाच्या मध्यावर उभा आहे. पांढऱ्याशुभ्र गिझरांची रांग मी फडक्याने पुसायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, ‘काका, आजकाल बंब कोण वापरते? धूर, राख, कटकट. बटन दाबा, पाणी घ्या.’ हे वाक्य मला मालकाने पाठ करून दिलं होतं. मालकाच्या घरी पितळेची गुंडी होती आणि तो तिच्यातच पाणी तापवत होता, हे मला माहीत होतं. तरीही त्या वाक्यावर माझी श्रद्धा बसली. शिकलेल्या माणसाला मूर्ख बनवायला फार काही लागत नाही. त्याला दुसऱ्यापेक्षा दोन बोटं उंच उभं करावं, बाकी तो स्वतः करतो.

मालकाचा मुलगा मनोज माझ्या वयाचा. मोटारसायकल होती त्याच्याकडे. एकदा तो मला सोडायला म्हणून करडीला आला. आदल्या दिवशीच लाखनीहून निघता आलं असतं, पण त्याला गाव उजेडात पाहायचं होतं, म्हणून आम्ही भल्या सकाळी पोचलो. अंगणात बायका हात बुडवून बसल्या होत्या. मनोजने गाडीवरूनच खिशातला रुमाल काढला आणि नाकाला लावला.

‘काय रे, तुमच्याकडं रोज भरते का मच्छी मार्केट?’ तो म्हणाला.

मी हसलो. मोठ्याने हसलो, त्याला ऐकू जावं म्हणून. फुलामावशीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा शेजारणीच्या बोटातला काटा शोधू लागली. बाबांनी मनोजला खाट टाकून दिली, मायने पोहे केले. तो रुमाल मांडीवर ठेवून पोहे खात होता आणि मी त्याच्या रुमालाकडे पाहत होतो. त्या दिवशी मी ठरवलं की हे अंगण बंद करायचं. कसं ते ठरलं नव्हतं.

ते बंबानेच ठरवून दिलं. पुढची दिवाळी होऊन थंडी पडू लागली आणि बंब गळायला लागला. मधल्या नळीचा बुडाजवळचा सांधा सुटला होता. थेंब निखाऱ्यावर पडून चर्र वाजायचा आणि थोड्या वेळाने आग दबायची. बाबांनी चुना नि गूळ कालवून सांध्यावर लावला. ते चार दिवस टिकलं. पुन्हा लावला, तीन दिवस टिकलं. मग मी सुटीच्या दिवशी घरी आलो तेव्हा हा विषय निघाला.

मी तयारीने आलो होतो. दुकानाच्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी दोन रकाने आखले होते. एकावर ‘दुरुस्ती’, दुसऱ्यावर ‘नवीन’. दुरुस्तीखाली लिहिलं होतं: जुनं भांडं, पुन्हा गळण्याची शक्यता, धूर, बाबांचा खोकला, मायला राख काढण्याचा त्रास. नवीनखाली लिहिलं होतं: स्वच्छ, झटपट, न्हाणीघरात, दार लावून. मी तो कागद खाटेवर पसरून बाबांना वाचून दाखवला. बाबांचा खोकला मी त्यात घातला, याची मला आज सर्वांत जास्त शिसारी येते. बाबांच्या छातीची मला खरोखर काळजी असती तर मी कोंडा भरायला सकाळी उठलो असतो. मी रजईत पडून शिटीची वाट पाहायचो. आणि ज्या कारणासाठी हा सगळा कागद होता, ते कारण मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं.

‘दार लावून कायले?’ मायने विचारलं.

‘आंघोळ दार लावूनच करतात, माय.’

‘आंघोळ होय. पाण्याले दार कायले पायजे?’

बाबा कागदाकडे पाहत होते. ते म्हणाले, ‘लाइट गेली तं?’

‘लाइट काही रोज जात नाही, बाबा.’

‘रोजच जाते.’

‘तुमी जुन्या जमान्याचे. एखादी गोष्ट बिघडली की झाळत बसाचं, चुना लावत बसाचं. दुनिया कुठं जाऊन राहिली.’

मिलचा अख्खा बॉयलर ज्यांनी सांभाळला त्या माणसाला मी हे सांगत होतो, गिझरवरची धूळ पुसणारा मी. बाबांना राग आला नाही. राग यावा एवढं मला ते मोठं समजत नसावेत, असं आता वाटतं. ते म्हणाले, ‘असं कर. बंब भंडाऱ्याले ने. म्हाताऱ्या कासाराले दाखव. तो म्हणंल होते तं डाग देऊन आण. तो म्हणंल होत नाही तं तुहा गिझर आण. मी काही बोलणार नाही.’

आमच्या घरी भांड्याच्या बाबतीत त्या कासाराचा शब्द शेवटचा होता. मायच्या लग्नातली भांडी त्याच्याकडची, बंब त्याच्या बापाने ठोकलेला. बाबांनी निर्णय माझ्या हातात दिला नव्हता, कासाराच्या हातात दिला होता. मला फक्त बंब न्यायचा होता आणि निरोप आणायचा होता.

बंब एसटीच्या टपावर चढवला तेव्हा कंडक्टर म्हणाला, ‘वर कोण बसवलं गा? नवरदेव हाये का?’ गाडीतले लोक हसले आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. भंडाऱ्याला कासारांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी ठोकण्याचा आवाज चालू होता, तिथे बोलायचं तर मोठ्यानेच बोलावं लागतं. म्हाताऱ्या कासाराने बंब पाहिल्याबरोबर ओळखला. ‘यादोरावचा होय हा,’ म्हणाला. त्याने तो उलटा केला, नळीत हात घातला, कपाळाला आठ्या घालून बोटं फिरवली, मग लाकडी मोगरीने पोटावर तीन ठिकाणी वाजवून पाहिलं.

‘सांधा सुटला. डाग द्यावा लागते,’ तो म्हणाला. डाग म्हणजे सांधा झाळून पक्का करणं. ‘पत्रा सोन्यासारखा हाये. अर्ध्या दिवसाचं काम. तू बाजारात फिरून ये, संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जा.’

मी म्हणालो, ‘मोडीत द्यायचा आहे.’

आवाजात त्याला ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हणालो. त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

‘काहून?’

‘घरी गिझर घेऊन राहिलो.’

‘बापाले इचारलं का?’

‘बाबानंच पाठवलं.’

मोडीत आलेलं भांडं चेपून मगच ढिगावर टाकायची म्हाताऱ्याची रीत होती. त्याने बंब जमिनीवर आडवा ठेवला, मागून हातोडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. ‘चांगल्या भांड्यावर माहा हात चालत नाही,’ तो म्हणाला. ‘तुले द्याचाच असंल तं तू चेप.’

इथे मला थांबता आलं असतं. कोणी मागे लागलं नव्हतं, गाडी सुटत नव्हती. मी हातोडा घेतला. पहिला घाव नीट बसला नाही, घसरला. दुसऱ्याला पोट आत गेलं. एवढा वेळ आजूबाजूला ठोकणं चालू होतं, पण माझा आवाज वेगळा असावा, कारण समोरच्या दुकानातल्या दोघांनी हात थांबवून पाहिलं. मी पाच-सहा घाव घातले. घाम आला. शेवटी म्हाताऱ्यानेच हातोडा काढून घेतला आणि म्हणाला, ‘बस झालं. मेला तो.’

गिझर मी मनोजच्या ओळखीने आणला आणि न्हाणीघरात स्वतः बसवला. बाबांना सांगितलं, ‘कासार म्हणाला होत नाही. तांबं कुजलं. डाग धरत नाही.’

बाबांनी एकच प्रश्न विचारला. ‘नळीवर कुजलं का बुडावर?’

‘दोन्हीवर,’ मी म्हणालो.

ज्याला उत्तर माहीत नसतं तोच असं उत्तर देतो, हे बॉयलरवरच्या माणसाला कळत नसेल? त्यांनी मान हलवली आणि चौथऱ्यावरची राख गोळा करायला गेले. शेजारच्यांना ते सांगत होते, ‘कासारानं हात टेकले म्हणे.’ माझं खोटं ते स्वतःच्या तोंडाने गावभर वाटत होते, आणि मी ते ऐकून निश्चिंत होत होतो.

गेल्या वर्षी आमच्या भंडाऱ्याच्या घरचा सोलर गळायला लागला. मिस्त्री आला, पोरगेलासाच, कानात काहीतरी खुपसलेला. टाकीकडे न पाहताच म्हणाला, ‘काका, रिपेअरले पुरत नाही. नवीनच घ्या, अपग्रेड करून टाका.’ मी त्याला शिडीवर चढायला लावलं, सांधा पाहायला लावला, आणि त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतला. बायको म्हणाली, एवढ्यासाठी कायले चिडता? मी त्या पोरावर चिडलो नव्हतो. मला त्याचा आवाज ओळखीचा वाटला होता.

गिझर आल्यानंतरच्या पहिल्याच सुटीच्या दिवशीची ही गोष्ट. सकाळी मी न्हाणीघरातून अंग पुसत बाहेर आलो. धुक्यामुळे अजून पुरता उजेड नव्हता, म्हणून अंगणातला दिवा लावलेला होता. बाबा बांधावर गेले होते, माय गोठ्यात होती. फुलामावशी एकटीच आली होती. लुगडं छातीपर्यंत ओलं, टोपली खाली ठेवलेली. डावा हात उजव्या हाताने धरला होता. ती रिकाम्या चौथऱ्याकडे पाहत होती.

‘बंब कुठं गेला गा, बापू?’

‘बिघडला. आता गिझर आहे, मावशी. आत आहे.’

‘बरं झालं. यादोभाऊचा धूर वाचला.’ ती म्हणाली. ‘मंग आतून एक घमेलं काढून दे न. काटा खोल गेला. बोट वळून नाही राहिलं.’

मी तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा होतो. गिझरमध्ये पाणी होतं, मी स्वतः नुकताच वापरून आलो होतो, माझ्या अंगातून वाफ निघत होती. एक घमेलं. मला वाटलं, आज दिलं की उद्या या सगळ्या जणी न्हाणीघराच्या दारापर्यंत येतील.

‘लाइट नाही,’ मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याच्या वर पाहिलं. तिथे बल्ब जळत होता. मला कळलं ती काय पाहते आहे. मी जागचा हललो नाही, शब्द मागे घेतला नाही. बल्ब आमच्या दोघांवर उजेड पाडत होता, आणि मी त्या उजेडात उभा राहून लाइट नाही या वाक्याला चिकटून राहिलो.

‘असंल, बापा,’ ती म्हणाली. टोपली डोक्यावर घ्यायला तिला एक हात पुरेना. मी पुढे झालो नाही. तिने ती कमरेवर घेतली आणि गेली.

त्यानंतर त्या बायका आमच्या अंगणात आल्या नाहीत. मला हवं होतं तसं झालं. वीज बहुतेक सकाळी नसायचीच, आणि माय पुन्हा चुलीवर पातेलं चढवू लागली. तो पांढरा डबा भिंतीवर नुसता टांगलेला असायचा. बाबांनी मला विचारलं, ‘फुला काहून येत नाही?’ मी म्हणालो, माहीत नाही. पुढच्या सुटीत आलो तेव्हा मायने जेवताना सांगितलं की फुलाच्या डाव्या हाताचं मधलं बोट सडलं, दवाखान्यात कापावं लागलं. ताटात वांगं होतं, झिंगे नव्हते. बाबा खाली मान घालून भात कालवत होते. मी म्हणालो, ‘काटे टोचतातच त्यांना.’ हे वाक्य मी म्हटलं आहे. कोणी माझ्या तोंडात घातलेलं नाही.

एका घमेल्याने ते बोट वाचलं असतं की नाही हे मला माहीत नाही. डॉक्टर कदाचित नाही म्हणतील. बरीच वर्षं मी या कदाचितच्या आड लपून राहिलो. पण मी पाणी नाकारलं तेव्हा मला बोटाचं काय होईल हे ठाऊक नव्हतं, म्हणजे काहीही झालं असतं तरी मी नाकारलंच असतं. बाबा गेले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ दिवसेंदिवस बसलो, पाय दाबले, औषधं दिली, आणि बंबाबद्दल बोललो नाही. त्यांनीही काढलं नाही. लोक म्हणाले, पोरगा असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं.

या हिवाळ्यात मी करडीला गेलो. जायला एवढी वर्षं लागली याचं कुठलंही चांगलं कारण माझ्याकडे नाही. फुलामावशी तलावाजवळच्या त्याच घरी, मुलाकडे राहते. उन्हात खाट टाकून बसली होती आणि उकडलेले शिंगाडे चाकूने सोलत होती. डाव्या हातात शिंगाडा धरायची तिची पकड वेगळी होती, अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये. सून दारात तांदूळ निवडत होती.

‘कोण गा?’

‘मी सुरेश. यादोरावचा.’

‘जोरानं बोल. मले कमी आयकू येते.’

‘यादोरावचा सुरेश,’ मी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या घरातून एक बाई डोकावली.

‘बस,’ ती म्हणाली आणि सोलणं चालू ठेवलं. मी खाटेच्या कडेला बसलो. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून आणलं होतं. पण आधी तीच बोलली, माझ्याकडे न पाहता. ‘तुहा बाप आला होता. माहं बोट कापलं त्याच हप्त्यात. इथंच उभा होता. म्हणे, पोरगा खोटं बोलला, फुला, त्याच्यासाठी मी हात जोडतो.’

‘बाबाले कसं माहीत?’

‘का म्हणतो?’ तिने कान पुढे केला.

‘बाबाले कसं कळलं?’ मी ओरडून विचारलं.

‘लायटीचं मी सांगतलं. बंबाचं तो कासाराकडं जाऊन आला होता. परत आणतो म्हणून गेल्ता. चेपलेला पाहून आला.’

म्हणजे बाबांना सगळं माहीत होतं. मी ‘काटे टोचतातच त्यांना’ म्हणालो तेव्हाही माहीत होतं, आणि ते भात कालवत राहिले होते.

‘मंग तुमी काय म्हटलं बाबाले?’

‘मी म्हटलं, भाऊ, तुमी हात कायले जोडता? तुमी पाणी देल्लं. ज्यानं नाही म्हटलं त्याले येऊ द्या.’ तिने एक सोललेला शिंगाडा टोपलीत टाकला. ‘तो म्हणे, येईल. मी म्हटलं, पाहू.’

सून तांदूळ निवडायची थांबली होती. शेजारची बाई आता पुरती बाहेर आली होती, आणि तिच्यामागे तलावावरून परतणारे दोघे जण सायकल धरून उभे राहिले होते. मी हळू आवाजात म्हणालो, ‘मावशी, माझं चुकलं.’

‘का म्हणतो? आयकू नाही आलं.’

मी उठून तिच्यासमोर उभा राहिलो. कासारांच्या गल्लीत बोलावं तेवढ्या मोठ्याने बोललो, म्हणजे वाटेवरच्या माणसांनाही ऐकू गेलं. ‘मावशी, तुमी आमच्या अंगणात येऊ नये म्हणून मी बंब मोडीत देल्ला. घरी खोटं सांगतलं. तुमी पाणी मागाले आल्या तवा गिझरमधी पाणी होतं, लाइट होती, आणि मी तुमाले हाकललं. मले तुमची लाज वाटत होती. मले माफ करा.’